फ्रीजमधल्या कातड्या

माझ्या बायकोला बर्फाच्या डोंगरांचं वेड लागलं तेव्हा आम्ही कतारला होतो आणि आजही तिथेच आहोत. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, "अहो, पण कतारमध्ये डोंगर कुठे?" नाहीत. एकही नाही. अख्खा देश पोळपाटासारखा सपाट. अल सद्दमधल्या आमच्या बिल्डिंगचा अठरा मजल्यांचा जिना हा आमच्या आसपासचा सगळ्यात मोठा चढ, आणि बाईसाहेबांनी दोन वर्षं तोच पालथा घातला. पाठीवर बॅग, बॅगेत पंधरा किलो बासमती. वॉचमन तिला पाहून लिफ्टचं दार उघडून धरायचा, बिचाऱ्याला वाटायचं मॅडमना लिफ्ट बंद आहे असं कोणीतरी चुकीचं सांगितलंय.

मी सदानंद गर्गे, मूळचा नाशिकचा, इथे गॅस कंपनीत मेंटेनन्स प्लॅनिंगला आहे. वय एकावन्न. रक्तदाब आहे, स्वभाव तापट आहे, आणि या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही असं माझं ठाम मत आहे. बायको विभावरी, वय सत्तेचाळीस, हमद पोर्टला नोकरी करते. जहाजावर कुठला कंटेनर कुठे चढवायचा हे ती ठरवते. जड खाली, हलका वर, आधी उतरायचा तो शेवटी चढवायचा. एक कंटेनर चुकला तर जहाज बंदरात अडकून पडतं, म्हणून डोकं शांत ठेवायची तिला सवय आहे. घरात तेवढं एकच शांत डोकं.

मुलगा कैवल्य शिकायला कॅनडात गेला आणि पहिल्या हिवाळ्यात आम्ही त्याला भेटायला गेलो, तिथे हे सगळं सुरू झालं. त्याने आम्हाला बर्फ बघायला नेलं. मी कॉफी घेऊन काचेच्या आत बसलो. ही बाहेर उभी राहून डोंगरावर चढणाऱ्या बायका बघत बसली. पांढऱ्या केसांच्या बायका, लिफ्ट सोडून आपल्या पायांनी वर जाणाऱ्या! परत आल्यावर कैवल्यला विचारलं, "त्यांच्या पायात काय होतं रे?" तो म्हणाला, "Splitboard, आई." झालं. तीन महिन्यांत ती वस्तू आमच्या घरात, सोफ्यामागे.

आता ही काय भानगड ते सांगतो. एक लांब फळी असते, उभी चिरलेली. चढताना तिचे दोन भाग वेगळे करून एकेक पायात घालायचा, स्कीसारखा. फळी बर्फावरून मागे घसरू नये म्हणून तिच्या खाली लांब केसाळ पट्टी चिकटवायची. तिचे केस मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे पाय पुढे सरकतो पण मागे येत नाही. माथ्यावर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, दोन फळ्या जोडून एक करायची, आणि तिच्यावर आडवं उभं राहून खाली यायचं. त्या पट्टीला ते लोक 'स्किन' म्हणतात, म्हणून आमच्या घरात तिचं नाव कातडी पडलं. एका बाजूला केस, दुसऱ्या बाजूला डिंक. सगळा खेळ त्या डिंकाचा.

ती शिकली कशी, ते ऐका. फळीवर उभं राहायला शिकली सीलाइनच्या वाळूच्या टेकड्यांवर, मे महिन्यात सकाळी साडेचारला. दोरांच्या गाठी आणि माणूस वर ओढायची कप्पी शिकली तय्यबाच्या अंगणात. तय्यबा मुकादम, रत्नागिरीची, फिजिओथेरपिस्ट, अल थुमामाला राहते. माझ्या बायकोचा गुडघा दुखला म्हणून गेलो, गुडघा बरा झाला आणि तय्यबाही या वेडात सामील झाली. तिच्या अंगणातल्या खजुराला दोर बांधून या दोघी एकमेकींना ओढायच्या. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस शोधायचं एक यंत्र असतं, बीकन. त्याचा सराव म्हणून एक बीकन डब्यात घालून सीलाइनला वाळूत पुरायचा आणि दुसऱ्याने शोधायचा. एकदा शेजारी तंबू टाकून बसलेल्या कतारी कुटुंबातल्या आजोबांना वाटलं, बायकांचं सोनं हरवलंय. ते चार नातू आणि तीन फावडी घेऊन आले, "यल्ला, यल्ला!" करत वाळू उपसायला लागले. चार मिनिटांत डबा सापडला. आत सोनं नाही, नुसतंच टूं-टूं करणारं यंत्र! आजोबांनी मला बाजूला घेऊन सगळं ठीक आहे ना असं विचारलं. मी म्हटलं, बायको आहे. ते समजले. आम्हाला करक चहा पाजला.

हसायला ठीक आहे, पण ती खरंच तयार होत गेली. दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन तिथल्या गिर्यारोहण शाळेत तिने कोर्स केले. तीव्र उताराच्या बर्फावर कसं चढायचं, खड्डा खणून बर्फाचे थर कसे वाचायचे, लोट कुठून सुटेल हे कसं ओळखायचं, दोर कुठे लावायचा. शेवटची परीक्षा पास झाली की त्या शाळेचं पत्र मिळणार होतं: ही बाई आपली चार जणांची तुकडी गाइडशिवाय नेऊ शकते. ते पत्र हवं होतं तिला. एप्रिलमध्ये हिमाचलातली एक खिंड पार करायची तिची आणि तय्यबाची योजना होती, आणि तुकडीचा लीडर पत्रवाला असेल तरच शाळा तंबू-दोर आणि परवानग्या द्यायची.

गेल्या वर्षी ती त्या परीक्षेत नापास झाली. पाय लटपटले म्हणून नाही. परीक्षक होते रहमानसाहेब, साठीचे, चेहरा उन्हाने करपलेला, बोलणं मोजकं. त्यांनी तिला सांगितलं, "मॅडम, तुमच्या पायांत काही कमी नाही. पण आज दिवसभरात तुम्ही मला अकरा वेळा विचारलंत, 'सर, चालेल ना?' मी नसेन तेव्हा कुणाला विचाराल?"

तिने दोह्याला येऊन मला हे सांगितलं आणि मी मूर्ख माणूस खो-खो हसलो. म्हटलं, "बरोबर ओळखलं त्यांनी! तू भाजी कुठली करू हेही विचारतेस."

ती हसली नाही. म्हणाली, "ही सवय मला लागली कुठे, ते आठवतंय का तुम्हाला?"

आठवत होतं. खोटं कशाला बोलू? वीस वर्षांपूर्वी ती माझ्या व्हिसावर इथे आली. ड्रायव्हिंग शिकायचं तर स्पॉन्सरचं पत्र, म्हणजे माझं. नोकरी धरायची तर माझं पत्र. तिच्या ओळखपत्राच्या मागे माझं नाव छापलेलं. प्रत्येक कागद ती माझ्यासमोर ठेवायची, "चालेल ना?" म्हणायची, आणि मी चष्मा लावून, उगाच दोनदा वाचून सही करायचो. मला ते आवडायचं. कायदा वेगळा, आणि भाजी विचारायची सवय वेगळी, हे मला कळत होतं. तरी मी ती सवय मोडू दिली नाही.

परीक्षेला दोनच संधी. दुसऱ्यांदा नापास झालं तर महिन्याभराचा कोर्स पहिल्यापासून, आणि तेवढी रजा पोर्टवाले तिला या जन्मात देणार नाहीत. म्हणजे या फेब्रुवारीत पास, नाहीतर खलास.

आता माझा पराक्रम.

त्या कातड्यांचा डिंक उष्णतेने बिघडतो. जुलैत आम्ही नाशिकला गेलो की फ्लॅटचा एसी बंद, घराची भट्टी. म्हणून विभा त्या फ्रीजमध्ये ठेवायची, झिपच्या पिशवीत घालून, भाजीच्या खणात कढीपत्त्याशेजारी. मी कुरकुर करायचो, पण चालवून घेतलं. मग गेल्या ऑगस्टमध्ये गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा, साठ माणसं जेवायला. आदल्या दिवशी दहा नारळांचा चव फ्रीजमध्ये ठेवायला गेलो, जागा नाही. पिशवी बाहेर काढली, तेव्हा तिच्यावरचं बारीक लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं. मोहेर. मोहेर म्हणजे बकऱ्याचे केस! नैवेद्याच्या खोबऱ्याला खेटून वर्षभर बकऱ्याचे केस! माझ्या आईने नुसतं ऐकलं असतं तरी नाशिकहून फोनमधून बाहेर आली असती. माझं डोकं सटकलं. विभा पोर्टला होती, एक मोठं जहाज लागलं होतं. तिला फोनसुद्धा केला नाही. पिशवी उचलली आणि गाडीच्या डिकीत टाकली.

गणपती दीड दिवसात गेले. कातड्या डिकीत नऊ दिवस राहिल्या. माझी गाडी ऑफिसबाहेर उघड्यावर उभी असते, ऑगस्टमध्ये, कतारमध्ये. पुढचं मी सांगायला नको. दहाव्या दिवशी डिकी उघडली तर डिंकाचा पाक झालेला, चिक्कीला करतात तसा. मी हात धुतले, पिशवी पुसली, आणि गुपचूप परत भाजीच्या खणात सारली.

आणि बोललो नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. मग जानेवारीत तिने आमच्या हॉलमध्ये कातड्या फळीला लावून बघितल्या आणि ओरडली, "अहो, बघा ना, यंदा काय घट्ट चिकटतायत!" एसी बावीसवर. घट्ट चिकटल्या होत्या, खरंच. मी मनात म्हटलं, सुटलो. बिघडलं काही नाही. तिला काय, मलाही सुचलं नाही की बावीसला चिकटणारा डिंक उणे सोळाला काय करेल. आम्ही दोघं वीस वर्षं कतारमध्ये राहिलेली माणसं. घरात बसून आम्ही थंडी म्हणजे एसी एवढंच समजतो.

फेब्रुवारीत मीही गुलमर्गला गेलो. सोबत म्हणून, असं म्हटलं. खरं म्हणजे पोटात ते डिकीचं होतंच. परीक्षा दोन दिवसांची. पहिला दिवस दोर, गाठी, खड्डा खणणं, गाडलेला माणूस शोधणं. सगळं गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, आसपास, कातड्या लावायची वेळच आली नाही. बीकन तिने तीन मिनिटांत शोधला. वाळू उपसून उपसून हात बसलेला!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही गोंडोलाने वरच्या टप्प्यावर. तिच्या तुकडीत तय्यबा आणि मुंबईचा रमीज नावाचा एक तिशीतला इंजिनिअर, मागे पन्नास पावलांवर रहमानसाहेब. ते फक्त बघणार. माणसांचा जीव धोक्यात आला तरच मध्ये पडणार, आणि पडले की परीक्षा संपली. मला त्यांनी तिथल्या लाकडी खोलीत स्टोव्हजवळ बसवलं, हातात दुर्बीण आणि एक रेडिओ दिला. म्हणाले, "ऐका, पण बोलू नका. रेडिओवर फक्त तुकडी बोलते."

रस्ता असा होता. आधी एक चढ, मग एक लांब आडवा उतार पार करायचा, त्याच्या खाली खोल घळ. मग माथा. मग चाळीस अंशांच्या दुसऱ्या घळीतून फळीवर खाली. पहिला चढ ते झकास चढले. नागमोडी वाट, प्रत्येक वळणावर एक पाय उचलून, झटक्यात उलटा फिरवून ठेवायचा. विभा ते असं करत होती की जणू जन्मापासून हेच करतेय. मी खोलीत एकटाच "वा!" म्हणालो. काय सांगू, छाती भरून आली.

आडव्या उताराच्या तोंडाशी रेडिओवर तय्यबाचा आवाज आला. "अगो ताई, थांब! तुझी डावी कातडी मागून लोंबतेय."

मी चहा खाली ठेवून दुर्बीण डोळ्याला लावली.

दुर्बिणीतून दिसत होतं. विभाने हात वर केला. "सगळे आहात तिथेच उभे राहा. रमीज, तुझ्या टाचेखाली पायरी कोर. तय्यबा, माझी फळी धर." आवाज एकदम पोर्टवरचा. तिने डावी कातडी पूर्ण सोलून काढली, जॅकेटच्या आत पोटाशी धरली, गरम केली, पुसली, परत लावली आणि वरून दोन रबरी पट्टे आवळले. पाच-सात मिनिटं. मग फळी पायात चढवली आणि आडव्या उताराकडे वळली.

आणि मला दिसलं की त्या उतारावरून जाताना दरीकडचा पाय उजवा असणार. सगळा भार उजव्यावर. उजवी कातडीसुद्धा तीच, त्याच पिशवीतली, तेच नऊ दिवस भाजलेली. हे सबंध डोंगरावर फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो खोलीत चहा पीत बसला होता.

मी प्रामाणिकपणे सांगतो, क्षणभर हात थांबला. बोललो तर लीडरला बाहेरून मदत झाली म्हणून परीक्षा जाईल का? तिची शेवटची संधी माझ्यामुळे बुडेल का? आणि त्याच्याही खाली, लाज वाटते सांगायला, आता सगळ्यांना कळेल, हेही होतं. मग तिने पहिलं पाऊल उचललं आणि मी बटण दाबलं.

"विभा! थांब! उजवीही जाणार आहे. दोन्हींचा डिंक मेलाय. गणपतीत मी कातड्या फ्रीजमधून काढून गाडीच्या डिकीत टाकल्या होत्या. नऊ दिवस. तुला सांगितलं नाही. चुकलो मी, विभा!"

अख्ख्या डोंगरावर ऐकू गेलं असेल. दुर्बिणीत ती उभी, खोलीच्या दिशेला तोंड. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्या उत्तराला एवढा घाबरलो नव्हतो.

"कळलं," ती म्हणाली. "आता रेडिओ मोकळा ठेवा."

बस्स, एवढंच. मी रेडिओ टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो.

तिने पाऊल मागे घेतलं. वाकून उजव्या कातडीचं टोक नखाने उचललं, तर ती हातभर सुटून वर आली. रहमानसाहेब पन्नास पावलांवर उभे, काठीवर हात ठेवून. तिने त्यांच्याकडे मान वळवली नाही. माझ्याकडेही नाही. घड्याळ बघितलं, सूर्य बघितला, उताराच्या कडेला काठी खुपसून बर्फ बघितला. मग म्हणाली, "ऐका. आडवा उतार रद्द. फळ्या पाठीवर. बुटांना खिळे लावा. या खडकाच्या कण्याने सरळ वर, पायी. डोंगराच्या खांद्यापर्यंतच जायचं, माथा नाही. पायी अर्धा तास जास्त लागेल, आणि अकरानंतर माथ्याच्या घळीवर ऊन येतं, बर्फ सुटायला लागतो. खांद्यावरून लहान घळीने उतरू."

रमीज म्हणाला, "मॅम, माथ्याशिवाय परीक्षा धरतील का?"

"धरतील की नाही ते नंतर बघू. आत्ता माझं ऐकायचं. चल."

आणि ते निघाले. ती पुढे, आइस ॲक्स रोवत, बुटाच्या टोकाने पायऱ्या पाडत. मला तो जिना आठवला असेल असं तुम्हाला वाटेल. मला काही आठवलं नाही. मी फक्त त्या तीन ठिपक्यांकडे बघत होतो आणि ज्या ज्या देवाला ओळखतो त्याला त्याला हात जोडत होतो.

खांद्यावर पोचायला पाऊण तास लागला. तिथे नवीनच त्रास निघाला. डिंकाचा थर फळीच्या तळाला राहिला होता, आणि डिंक लागलेली फळी बर्फावर मध्येच अडकते. तीव्र उतारावर अडकली की माणूस तोंडावर. खरवडायला काही नाही, चाकूने तळ फाटतो. तिने पाकिटातून कतारचं ओळखपत्र काढलं, ते प्लास्टिकचं, टणक, आणि त्याच्या कडेने तळ घासून स्वच्छ केला. हे मला नंतर तय्यबाने सांगितलं. "सदाभाऊ, तुमच्या नावाच्या बाजूने घासत होती हो," असंही म्हणाली. बाईला वाटेल तिथे थट्टा सुचते.

मग उतरणं. एका वेळी एकच माणूस, बाकीचे कडेला सुरक्षित. आधी ती. घळीच्या तोंडाशी फळी आडवी धरून तिने वरचा बर्फ दोनदा दाबून बघितला, हलला नाही. मग सोडलं अंग. एक वळण, दुसरं, तिसरं. घळीत बर्फाचा धुरळा उडत होता, आणि त्यातून ती पुन्हा पुन्हा बाहेर यायची, गुडघ्यात वाकलेली, डोकं स्थिर. खाली जाऊन कडेला थांबली, हात वर. मग रमीज. मग तय्यबा, दोन पायांत दोन स्की, मध्ये एकदा बसली, उठली, शिवी हासडली, आली. शेवटी रहमानसाहेब, साठीचा माणूस, पाण्यासारखा वाहत खाली.

दुपारी दोन वाजता शाळेच्या खोलीत सगळे बसले. मी दाराशी उभा. आत बोलवलं नव्हतं, बाहेर जायला पाय उचलत नव्हता. रहमानसाहेबांनी वही उघडली. त्यांना मराठी येत नाही. म्हणाले, "मॅडम, रेडिओवर तुमचे पती काय बोलले? मला त्यातलं फक्त 'विभा' कळलं."

तय्यबाने हिंदीत सांगितलं. गणपती, फ्रीज, डिकी, नऊ दिवस, सगळं. रमीजने माझ्याकडे असं बघितलं की मी मोजे बघायला लागलो.

रहमानसाहेबांनी वहीवर पेन टेकवलं. मग म्हणाले, "मग ही तुमची चूक नाही. सामान दुसऱ्याने बिघडवलं. मी इथे तसं लिहू शकतो, मग सामानाचे गुण कापले जाणार नाहीत. गुण कापले तर तुम्ही अगदी काठावर येता. माथाही झालेला नाही."

मी पुढे झालो. म्हटलं, "हो सर, तसंच लिहा. माझं नाव लिहा, सदानंद गर्गे, मी सही करतो." खरंच खिशातून पेन काढलं होतं मी.

"तुम्ही थांबा," विभा म्हणाली. माझ्याकडे न बघता. मग त्यांना म्हणाली, "सर, डिकीत यांनी टाकल्या, बरोबर. पण कातड्या माझ्या. डोंगरावर न्यायच्या आधी तपासायचं काम माझं. मी त्या एसीत तपासल्या, फ्रीझरमध्ये तपासायला हव्या होत्या. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या असत्या तर दोह्यातच कळलं असतं. उद्या माझ्या तुकडीत चार माणसं असतील, तेव्हा मी त्यांना काय सांगू, नवऱ्याने केलं? चूक माझ्या नावावर लिहा."

"गुण जातील."

"जाऊ देत. माझ्या नावावर लिहा."

रहमानसाहेबांनी मान खाली घातली आणि लिहिलं, सावकाश. माझं पेन तसंच हातात. या बाईच्या आयुष्यातल्या प्रत्येक कागदावर मी सही केली होती आणि आज ती मला माझी चूकसुद्धा माझ्या नावावर ठेवू देत नव्हती. राग आला का? आला. क्षणभर आला. मग कळलं, अरे, हेच तर शिकायला ती दोन वर्षं वणवण करत होती!

त्यांनी कागद फाडून तिच्या हातात दिला. पास. काठावर, पण पास. खाली शेरा होता: साहित्य तपासणीत लीडरची चूक. निर्णय लीडरचे स्वतःचे. तिने तो दोनदा वाचला आणि तिचे डोळे भरून आले. तय्यबाने तिला असं कवटाळलं की दोघी खुर्चीसकट कलंडल्या.

हॉटेलवर आल्यावर माझी सुनावणी झाली. ती व्हायचीच होती. ती पलंगावर बसून ओले मोजे काढत म्हणाली, "डिकीत टाकल्यात त्याचा मला राग नाही. सणाच्या धांदलीत माणूस करतो. पण सहा महिने! सहा महिने तुम्ही माझ्याबरोबर जेवलात, झोपलात, जिन्यात माझी वेळ मोजलीत, आणि बोलला नाहीत. मी भाजी विचारून करते हो. तुम्ही मला माझी वस्तू हलवताना विचारलं नाहीत."

मी म्हटलं, "चुकलो, विभा. पुन्हा नाही."

"आज बोललात म्हणून मी इथे बसलेय," ती म्हणाली. "तेही मी विसरणार नाही. पण आत्ता मला रागावू द्या."

मी तिला रागावू दिलं. चांगला अर्धा तास रागावली. मी मध्ये एक शब्द बोललो नाही, हा माझ्यासाठी विक्रम आहे.

मग दार वाजलं आणि तय्यबा आत आली, काश्मिरी कावा घेऊन, तीन पेले. हातात फोन, फोनवर रजेचं कॅलेंडर. "ताई, दहा एप्रिलपासून सोळा दिवस मिळतायत मला. हिमाचलचं नक्की करू? शाळेला आजच नावं द्यायला लागतील."

सोळा दिवस! मी मनातल्या मनात हिशेब केला. एप्रिलमध्ये आमच्या प्लांटचा शटडाऊन, माझी आई यायची आहे, घरी कोण बघणार. तोंडात उत्तर तयार होतं: बघू, विचार करून सांगतो. मी पेला खाली ठेवला आणि विभा वळून मला विचारेल म्हणून थांबलो.

ती तय्यबाकडेच बघत होती.

"कर नक्की," ती म्हणाली. "लीडर म्हणून माझं नाव घाल."